आमचा मोटू भजे मागायचा

हसू नका, पण एकदा मी एका कार्टूनवर रागावले होते. लेकरांच्या कार्टूनवर! आणि नुसती घटकाभर नव्हे, चांगली दोन दिवस धुसफुसत होते. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज जरा वाढला, तेव्हा आमच्या 'ह्यां'नी पेपरातून डोके वर काढून विचारले, "आज काय बिघडलं?" आता काय सांगायचे? 'टीव्हीवर मोटू-पतलू बघितले आणि ते मला मुळीच आवडले नाहीत,' असे चाळिशीकडे झुकलेल्या बायकोने सांगितले, तर नवरा काय म्हणेल ते तुम्हीच ठरवा. मी आपली म्हणाले, "काही नाही, गॅस संपत आलाय."

मोटू-पतलू तुमच्या ओळखीचे असतीलच. गेल्या दहा-बारा वर्षांत ज्यांच्या घरी लहान मूल वाढले, त्यांना तर त्यांच्यापासून सुटका नव्हती. 16 ऑक्टोबर 2012 रोजी निक वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. लाल कुर्त्यातला गोलमटोल मोटू, पिवळ्या कुर्त्यातला चष्मेवाला पतलू, आणि त्यांचे ते फुरफुरीनगर. मोटूला समोसा दिसला की भान राहात नाही, उपाशीपोटी त्याचे डोके चालत नाही, आणि समोसा पोटात गेला की अंगात दहा हत्तींचे बळ येते. मग डॉक्टर झटका, घसीटाराम, चोरी करून पुन्हा पुन्हा पकडला जाणारा जॉन, आणि दाक्षिणात्य हेल काढून बोलणारा इन्स्पेक्टर चिंगम. मालिका तयार झाली मुंबईत, कॉसमॉस-माया या कंपनीत, आणि तिचे दिग्दर्शक सुहास कडव. म्हणजे म्हटले तर आपल्याच घरचे काम.

पण मोटू-पतलूला टीव्हीने जन्माला घातलेले नाही, हे पुष्कळ आयांना ठाऊक नसते. ही जोडी मूळची 'लोटपोट' नावाच्या हिंदी बालपत्रिकेतली. ही पत्रिका दिल्लीहून 1969 पासून निघते, आणि मोटू-पतलू ही कृपाशंकर भारद्वाज यांची निर्मिती. साधी रेघांची चित्रे, स्वस्तातला कागद, आणि तोंडातून निघालेल्या फुग्यांमध्ये लिहिलेले बोलणे. मराठी मुलांना तेव्हा 'चांदोबा' आणि 'किशोर' होतेच. माझ्या वाट्याला मात्र 'लोटपोट'ही आले, आणि ते आगगाडीतून आले.

माझे वडील रेल्वेत होते आणि माझे सगळे लहानपण हिंगोली स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये गेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, स्वतंत्र जिल्हा झाली ती 1 मे 1999 रोजी. आमच्या स्टेशनावरून छोटी गाडी जायची, पूर्ण्याहून अकोल्यामार्गे थेट खांडव्यापर्यंत. 2008 साली हे रूळ रुंद झाले, पण मला अजून ती मीटरगेजची ठुमकत येणारी गाडीच डोळ्यांपुढे येते. खांडव्याकडून येणाऱ्या प्रवाशांची हिंदी मासिके कधीकधी बाकावरच राहून जायची. डबे झाडणारा मामा ती उचलून ठेवायचा आणि वडिलांच्या हातात द्यायचा, "साब, बच्चों के लिए." कधी पहिले पान नाही, कधी शेवटचे. एकदा तर मधल्या चार पानांत कुणीतरी शेंगा बांधून नेल्या होत्या, आणि मोटू विहिरीत पडला तो वर कसा आला हे आम्हाला कधी कळलेच नाही.

वाचायचा माझा दादा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे 1984-85 ची गोष्ट. संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर तो मांडी घालून बसायचा, भोवती मी आणि शेजारची पाच-सहा पोरे. एकेका चित्रावर बोट ठेवून तो फुग्यातले वाचायचा. वाचायचा म्हणजे काय, पुस्तकात असायचे दिल्लीचे शुद्ध हिंदी आणि दादाच्या तोंडून निघायचे आमचे मराठवाड्याचे! "मेरेकू भूक लगी रे पतल्या, जल्दी भजे ला!" समोसा आमच्या गल्लीत तेव्हा कुणी फारसा खाल्लेला नव्हता, म्हणून दादाचा मोटू भजे मागायचा. पतलूचा आवाज आमच्या गणिताच्या सरांसारखा, नाकातून यायचा. डॉक्टर झटका दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा बोलायचा, ओठ न हलवता. आणि कुणी काही भलते सुचवले की मोटू दोन्ही हात हलवून म्हणायचा, "नक्को रे बाबा, नक्को!" हे 'नक्को' पुस्तकात कुठेच नसायचे, हे मला पुष्कळ उशिरा, स्वतः वाचायला लागल्यावर कळले. कळले तेव्हा पुस्तकच चुकले आहे असे वाटले होते.

आता सांगा, असा मोटू कानात घेऊन मोठी झालेली बाई टीव्हीसमोर बसली, तर तिचे काय होणार?

2013 च्या उन्हाळ्यात आमचा धाकटा पाच वर्षांचा होता. "मम्मी, मोटू-पतलू लागलं!" असे तो ओरडला आणि माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. पदराला हात पुसत बाहेर आले. काय सांगू, अगदी माहेरचे कुणीतरी दारात आल्यासारखे झाले होते! आणि पाहते तो काय, प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखे चकचकीत दोन पुतळे पडद्यावर पळताहेत. संगणकावर तयार केलेली चित्रे, गुळगुळीत गाल, भडक रंग. मोटू बोलला, आणि तो दादाच्या आवाजात बोलला नाही. कसा बोलेल? पण मला खरोखर आत काहीतरी टोचले. पाच मिनिटे पाहिले. पळणे, पडणे, आपटणे, समोसा. पुन्हा पळणे, पुन्हा समोसा. मी उठून आत गेले आणि पोळ्या जरा जास्तच जोरात लाटल्या.

अशी रागावणारी मी एकटी नव्हते. अमेरिकेत गारफिल्ड नावाचे एक लठ्ठ, नारिंगी, आळशी मांजर आहे. 19 जून 1978 रोजी ते वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्टीत प्रथम आले, तेव्हा फक्त 41 पत्रांत. पुढे ते जगभर गेले. आपल्या मोटूला जसा समोसा, तसा त्याला 'लझान्या' नावाचा चीज घातलेला इटालियन पदार्थ. या मांजराची गंमत अशी की चित्रात ते तोंड उघडून बोलतच नाही. त्याचे बोलणे मनातल्या मनात, विचारांच्या फुग्यात. म्हणजे लाखो लोकांनी ते वाचले, पण आवाज कुणीच ऐकला नव्हता, ज्याचा त्याने मनात काढलेला. मग टीव्हीवाल्यांना त्याला खरा आवाज द्यावा लागला. 1988 ते 1994 अशी त्याची मालिका चालली, तिच्यात लोरेंझो म्युझिक नावाच्या कलावंताचा जडावलेला, झोपाळू आवाज होता. 2001 साली ते वारले. पुढे 2004 च्या चित्रपटात आवाज वेगळा, आणि 2008 साली फ्रान्समध्ये नव्याने, संगणकावर केलेली मालिका आली तिच्यात आणखी वेगळा. जुन्या आवाजावर वाढलेल्यांच्या कानाला हे कसे लागले असेल, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडेही तेच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017 साली मोठ्या पडद्यावर आला तेव्हा माझी मोठी नणंद म्हणाली होती, "एवढा मोठा कसा गं झाला तो? आमचा तर शाळेत होता!"

पण परत माझ्या दिवाणखान्यात येऊ. तिथल्या प्रेक्षकांचे म्हणणे ऐका. धाकट्याला मालिका प्राणाहून प्यारी. 'ह्यां'चे म्हणणे एवढेच, "आवाज कमी करा." सासूबाई सेनगाव तालुक्यातल्या खेड्यातल्या, हिंदीचा गंध नाही. त्या सुरुवातीला पाठ फिरवून वाती वळत बसायच्या. आणि आमच्या गल्लीतल्या बायका! त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर वाण बाजूला राहिले आणि मोटू-पतलूवर परिसंवादच झाला. एकीचा मुलगा घरात हिंदीतच बोलायला लागला होता, आजीला 'क्या हुआ' म्हणायचा. एकीचा मुलगा टीव्हीशिवाय घास गिळत नव्हता. (हे मात्र आपणच केलेले असते हो. घास भराभर जातो म्हणून आपणच बटण दाबतो. मीही दाबले आहे.) एकीने सांगितले, "मारामारी शिकतात." तर एक शिक्षिका होती, ती म्हणाली, "निदान कपडे तरी आपले घालतात दोघं. कुर्ता-पायजमा." आणि सगळ्यांची एकमुखी तक्रार समोशांची. रोज समोसा कुठून आणायचा?

म्हणून मी घरीच करायला लागले. जाता जाता सांगून ठेवते, मैद्याला मोहन नीट चोळा, मूठ वळली पाहिजे. पीठ घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा आणि तळताना आच मंद ठेवा. तेल कडकडीत असले की वर फोड येतात आणि आत कच्चे राहाते. आमचे पहिले तीन घाणे असेच गेले.

मी स्वतः काय म्हणत होते? मी म्हणत होते, यात गोष्टच नाही. रोज तेच! रोज मोटूला भूक लागणार, रोज जॉनचा बेत फसणार, रोज इन्स्पेक्टर चिंगम ऐटीत आकाशात गोळी झाडणार आणि वरून नारळ त्याच्याच डोक्यात पडणार. एकदा हसू येईल, दोनदा येईल. शंभराव्यांदा नारळ पडतो त्यात काय मौज? हे मी अगदी ठासून सांगत असे. दादालाही सांगितले. दादा तेव्हा हिंगोलीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा, वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान चालवायचा. तो हसून म्हणाला, "अगं, लेकरांचं आहे ते. तुझं वय काय!" त्याने ती मालिका कधी पाहिलीच नव्हती. दुकानातून वेळ कुठे?

2015 साली, दसऱ्याचे प्रदर्शन उठून आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळी वहिनीचा फोन आला. दादा चहाचा कप उचलायला गेला आणि कप हातातून सुटला. तोंड एका बाजूला ओढले होते. काहीतरी सांगत होता, पण शब्द म्हणून ओळखू येईल असे काही नव्हते. नांदेडला नेले. अर्धांगवायू. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. बायांनो, एवढे लक्षात असू द्या: तोंड वाकडे झाले, एक हात वर धरता येईना, बोलणे अडखळले, की घरगुती उपायात आणि अंगारे-धुपाऱ्यात एक मिनिटही घालवायचे नाही. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. आम्हाला उशीर झाला होता. तो रात्री झोपेतच केव्हा झाला, कुणालाच कळले नाही.

दादा वाचला. उजवा पाय ओढत चालायला लागला, हाताचीही थोडी हालचाल आली. पण वाचा गेली. डॉक्टरांनी शब्द सांगितला, वाचाघात. माणसाला समजते, ओळखता येते, काय म्हणायचे तेही मनात असते, पण शब्द ओठांपर्यंत येत नाही. ज्याने ओट्यावर बसून सहा जणांचे सहा आवाज काढले, तो आता "प... प..." करत पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवायचा, आणि आपल्याला लवकर कळले नाही की डोळे मिटून घ्यायचा.

वहिनी अंगणवाडी सेविका. घर तिच्या मानधनावर आले होते, रजा किती घेणार? म्हणून ती सकाळी दादाला आमच्याकडे आणून सोडायची आणि तिसऱ्या प्रहरी घेऊन जायची. नांदेडच्या स्पीच थेरपिस्ट बाईंकडे महिन्यातून दोनदा जायचे. त्यांनी मला काही गोष्टी सांगितल्या होत्या. त्याच्याशी मोठ्याने बोलू नका, त्याला ऐकू येते. एका वेळी एकच गोष्ट विचारा, 'हो' किंवा 'नाही'त उत्तर देता येईल अशी. तो शब्द शोधत असेल तर थांबा, लगेच तुम्हीच पुरा करू नका. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नका. आणि त्याच्याशी बोलताना टीव्ही, रेडिओ बंद ठेवा. गोंधळात त्याला शब्द पकडता येत नाहीत.

टीव्ही बंद! धाकटा दुसरीत होता, सकाळची शाळा. साडेबाराला घरी आला की दप्तर फेकून आधी मोटू-पतलू. मी रिमोट फडताळात ठेवायला लागले. पाच-सहा दिवस घरात महाभारत. एक दिवस मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात त्याने खुर्चीवर चढून रिमोट काढला. मी ओली साडी हातात घेऊनच ओरडत आत आले आणि दारातच थांबले.

पलंगावर तिघे ओळीने बसले होते. धाकटा, सासूबाई आणि दादा. सासूबाईंच्या वाती तशाच ताटात. पडद्यावर चिंगम पिस्तूल काढत होता. सासूबाई दादाच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "बघा, आता पडतंय बघा नारळ!" आणि दादाने, गोळी सुटायच्या आधीच, डावा हात वर करून छताकडे बोट दाखवले. नारळ पडला. तिघेही हसले. दादाचे हसणे मी दोन महिन्यांनी ऐकले. हसण्याला काही झाले नव्हते, ते जुनेच होते.

सासूबाईंना हिंदी येत नव्हते. दादाला हिंदी येत होते, पण भराभर बोललेले त्याला आता धरता येत नव्हते. धाकट्याचे तर वयच सात. आणि तिघांनाही पुढे काय होणार ते पक्के ठाऊक होते, कारण ते रोज तेच व्हायचे. मी साडी खुर्चीवर टाकली आणि तिथेच उभी राहून पुढचा भाग पाहिला.

पुढच्या खेपेला थेरपिस्ट बाईंना मी जरा भीत भीतच विचारले. म्हटले रागावतील. त्या म्हणाल्या, "बोलताना नको. पण तो मजेनं पाहात असेल तर पाहू द्या. तुम्ही सोबत बसा, आणि नारळ पडायच्या आधी अर्धं वाक्य म्हणून थांबा." म्हणजे कसे? तर आपण म्हणायचे, 'डोक्यात पडला...' आणि गप्प राहायचे. ओळखीच्या वाक्याचा शेवट कधीकधी आपोआप बाहेर येतो. आरती, एक ते दहा आकडे, शिव्यासुद्धा अशाच येतात म्हणे. दादाला 'सुखकर्ता' सुरू करून दिली की दोन शब्द बरोबर यायचे, हे मी पाहिलेही होते.

तेव्हापासून आमच्या घरी रोज दुपारी अर्धा तास मोटू-पतलू, डॉक्टरांच्या औषधासारखे ठरवून. अर्धा तास झाला की टीव्ही बंद. मग मी विचारायची, "कोण पडलं? मोटू? का जॉन?" तो मान हलवायचा. 'डोक्यात पडला' म्हणून मी थांबायची. पंधरा-वीस दिवस काहीच नाही. मग एका दुपारी, "ना... ना... रळ." सासूबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटे मोडली.

सगळे असे गोडच झाले म्हणाल तर नाही. एकदा दादा काहीतरी सांगायला गेला आणि तोंडातून चिरका, घुसमटलेला आवाज निघाला. धाकटा खो खो हसला. दादाचा चेहरा काळवंडला. त्याने हातातली वाटी भिंतीवर फेकली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी लेकराच्या पाठीत धपाटा घातला. (घालायला नको होता.) पुढचे दोन दिवस दादा आला नाही, वहिनीने रजा टाकली. तिसऱ्या दिवशी मी धाकट्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. तो दाराआड उभा राहून रडत रडत म्हणाला, "मला वाटलं मामा पतलूचा आवाज काढतोय."

मी त्याला कधी सांगितलेच नव्हते, ओट्यावरचे ते सगळे. दादाने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. पण तो हसत होता. डाव्या हाताने त्याने आपले नाक धरले, तो गणिताच्या सरांचा आवाज काढायचा तेव्हा धरायचा तसे.

2016 च्या ऑक्टोबरात मोटू-पतलूचा मोठा चित्रपट आला, 'किंग ऑफ किंग्ज'. तोही कडवांनीच केलेला. आमच्याकडे तो पुढे टीव्हीवर लागला तेव्हा पाहिला. दादा मध्यंतरातच झोपी गेला. सासूबाई म्हणाल्या, "लांबतंय गं फार. ते रोजचं बरं."

नंतर मी एके ठिकाणी वाचले, की टीव्हीवरच्या मोटूचा, पतलूचा आणि आणखीही कितीतरी पात्रांचा आवाज एकच माणूस काढतो. सौरव चक्रवर्ती त्यांचे नाव. एकाच गळ्यातून ही सगळी भांडणे! ते वाचल्यावर मी पुन्हा एकदा नीट कान देऊन भाग ऐकला. खरे सांगायचे तर मला ती मालिका अजूनही आवडत नाही. ते गुळगुळीत गाल मला अजूनही खटकतात आणि मोटूने 'मेरेकू' म्हणायला हवे असे अजून वाटते. पण त्या कलावंताविषयी मात्र तक्रार उरली नाही.

आता धाकट्याला मिसरूड फुटले आहे, मोटू-पतलू म्हटले की लाजतो. सासूबाई 2019 साली गेल्या. दादा बोलतो. तुमच्या-आमच्यासारखा नाही, पण दोन-तीन शब्द जोडतो, दुकानात पुतण्याशेजारी बसतो, वहीची किंमत बोटांनी न दाखवता तोंडाने सांगतो. थकला की शब्द पुन्हा अडतात.

गेल्या दिवाळीत वडिलांची जुनी लोखंडी पेटी साफ करताना तळाशी 'लोटपोट'चे दोन अंक निघाले. एकाला पहिले पान नव्हते. भाऊबीजेला दादा ओवाळून घेऊन पाटावरून उठला, तेव्हा मी ते त्याच्या हातात दिले. त्याने पाने उलटली, वास घेतला, आणि अंक माझ्याकडे सरकवून मांडीवर बोट टेकले. म्हणजे वाच. मी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. इतकी वर्षे घरात ऐकले होते ना, नकळत टीव्हीतल्या मोटूसारखाच आवाज निघाला. दादाने एक ओळ ऐकली, दुसरी ऐकली, आणि डावा हात जोरात हलवला.

"नक्को," तो म्हणाला. "नक्को रे बाबा." आणि अंक परत ओढून घेऊन पहिल्या चित्रावर बोट ठेवले.